युरोपच्या प्रस्तावनेत देव हवा का? (लेकीच्या स्ट्रासबर्ग दौऱ्याच्या निमित्ताने)

नेकारकाठी · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

लेक सोळा वर्षांची. जन्म ठाण्याचा, तिसऱ्या वर्षापासून श्टुटगार्टात. गेल्या महिन्यात शाळेतर्फे पाच दिवस स्ट्रासबर्गला जाऊन आली. फ्रान्स, जर्मनी, पोलंड, इटली आणि एस्टोनियाची मिळून पंचवीस मुलं. काम एकच होतं. समजा, युरोपची राज्यघटना आज नव्याने लिहायची आहे, तर प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद लिहा आणि त्यात धर्माचं नाव घ्यायचं की नाही ते ठरवा.

विषय कुणाच्या डोक्यातून उगवलेला नाही. २००२ ते २००४ या काळात मोठी माणसं यावरून खरोखर भांडली होती. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्या अध्यक्षतेखाली युरोपीय घटनेचा मसुदा तयार होत होता. व्हॅटिकन, पोलंड, इटली, स्पेन म्हणत होते की ख्रिस्ती वारशाचा स्पष्ट उल्लेख हवा. फ्रान्स आणि बेल्जियम म्हणत होते, मुळीच नको. शेवटी 'युरोपचा सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी वारसा' अशी सगळ्यांना थोडी थोडी नावडणारी ओळ निघाली. २००५ मध्ये फ्रेंच आणि डच मतदारांनी ती घटनाच फेटाळली, पण ही ओळ तिच्या जागी आलेल्या लिस्बन करारात जाऊन बसली आणि २००९ पासून लागू आहे.

लेक सांगत होती, मूल्यांची यादी अर्ध्या तासात झाली. मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, समता, लोकशाही, कायद्याचं राज्य. कुणाचंच दुमत नाही. मग एक इटालियन मुलगी सहज म्हणाली, "हे सगळं ख्रिस्ती धर्मातूनच आलंय ना?" आणि पुढचे साडेचार दिवस गेले.

फ्रेंच मुलगा म्हणाला, हे चर्चमधून नाही आलं, चर्चशी भांडून मिळवलंय. पोलिश मुलगी म्हणाली, आमच्याकडे कम्युनिस्टांशी भांडताना लोक चर्चच्याच आडोशाला उभे होते, आणि आता २०२० च्या गर्भपातबंदीच्या निकालानंतर माझी मोठी बहीण त्याच चर्चविरुद्ध रस्त्यावर उतरली. दोन्ही खरं आहे, यातलं एक निवडायला सांगू नका. एस्टोनियाचा मुलगा म्हणाला, मी चर्चमध्ये फक्त गाण्याच्या कार्यक्रमाला गेलोय. त्याचं नवल वाटायला नको. २०१४-१६ च्या युरोपियन सोशल सर्व्हेत १६ ते २९ वयाच्या एस्टोनियनांपैकी ८० टक्क्यांनी 'कुठलाच धर्म नाही' असं सांगितलं होतं. पोलंडमध्ये हाच आकडा १७ होता. एका टेबलाभोवती हे दोघं शेजारी शेजारी!

मला सगळ्यात मजा वाटली ती जागेची. फ्रान्स म्हणजे १९०५ चा कायदा, शासन आणि चर्च यांची पूर्ण फारकत. २००४ पासून सरकारी शाळेत हिजाब नाही, किप्पा (ज्यूंची टोपी) नाही, पगडी नाही, मोठा क्रूस नाही. पण स्ट्रासबर्ग ज्या आल्सासमध्ये आहे तिथे तो १९०५ चा कायदा लागूच नाही! कारण १९०५ साली आल्सास जर्मनीत होतं. १९१८ नंतर परत आलं ते नेपोलियनने १८०१ मध्ये पोपशी केलेला करार काखोटीला मारून. त्यामुळे आजही तिथे कॅथलिक पाद्री, प्रोटेस्टंट पास्टर आणि ज्यू रब्बी यांचे पगार सरकार देतं. सरकारी शाळेत धर्माचा तास आहे. मशिदीच्या इमामाचं नाव त्या यादीत नाही. युरोपियन पार्लमेंट जिथे भरतं त्या शहरात हे चालतं. फ्रेंच मुलाला, तो मूळचा नॉन्तचा, हे ठाऊकच नव्हतं. लेक म्हणते, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग आमच्या जर्मन मंडळींची पाळी. आमच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे जर्मन राज्यघटनेच्या, पहिल्याच वाक्यात 'ईश्वर आणि मानव यांच्यापुढील जबाबदारीची जाणीव ठेवून' असे शब्द आहेत. पत्ता नोंदवायला गेलं की फॉर्मवर धर्माचा रकाना. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत तर आयकराच्या ८ टक्के (आमच्या राज्यात आणि बायर्नमध्ये, बाकी ठिकाणी ९) चर्च-कर पगारातून कापला जातो. आमच्या रकान्यात रेघ आहे. तिने हे सांगितल्यावर फ्रेंच मुलगी ओरडलीच, "सरकार धर्म विचारतं?" फ्रान्सची जनगणना १८७२ नंतर धर्म विचारत नाही.

आणि मग कुणीतरी लेकीला विचारलं, "तुझा धर्म युरोपियन आहे का?" ती म्हणाली, "मी युरोपियन आहे, माझ्या आईच्या फॉर्मवर रेघ आहे." टाळ्या पडल्या म्हणे. पण घरी आल्यावर दोन दिवस गप्प होती. मग विचारलं, "आई, आपल्या रेघेत काय आहे?" मी म्हटलं, गणपती आहे, आजीची तुळस आहे, तुझ्या बाबांचा नास्तिकपणा आहे. ती म्हणाली, "हे नाही विचारत." काय विचारत होती ते मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून हा धागा.

एक मदतही हवी आहे. शेवटी मुलांनी पोलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेची प्रस्तावना आधार म्हणून घेतली. १९८९ मधले पोलंडचे पहिले बिगर-कम्युनिस्ट पंतप्रधान माझोव्हिएत्स्की यांनी ती लिहिली होती. तिचा भावार्थ असा : सत्य, न्याय, चांगुलपणा आणि सौंदर्य यांचा उगम ईश्वर आहे असं मानणारे, आणि तशी श्रद्धा नसलेले पण हीच मूल्यं दुसऱ्या उगमांतून आली म्हणून मानणारे, असे आपण सगळे नागरिक. प्रत्येकाने हे आपल्या घरच्या भाषेत लिहून आणायचं आहे. मराठीत चांगलं कसं लिहाल?

---

अर्धवट_नास्तिक · रविवार, रात्री १०:१५

लेख आवडला. पहिला नंबर लावतो.

पण ज्या 'ख्रिस्ती मूल्यां'बद्दल बोलणं चाललंय, त्याच ख्रिस्ती मूल्यांच्या दोन गटांनी १६१८ ते १६४८ तीस वर्षं एकमेकांना कापलं ना? तुमच्या जर्मनीतच. युरोपची सहिष्णुता कुणाच्या शिकवणुकीतून नाही आली, दमल्यामुळे आली. प्रस्तावनेत 'आम्ही दमलो आहोत' असं लिहा. ते सगळ्यांना लागू पडेल.

---

सातारी_चष्मा · रविवार, रात्री १०:३२

+१. 'आम्ही दमलो आहोत' हे आमच्या सोसायटीच्या नियमावलीतही चालेल.

गंभीरपणे : मुळात 'धर्म' आणि 'रिलिजन' एक नव्हेत. आपल्याकडे शेजारधर्म असतो, पुत्रधर्म असतो. या शब्दाचं भाषांतरच होत नाही, त्यामुळे युरोपियनांचा हा प्रश्न...

---

अर्धवट_नास्तिक · रविवार, रात्री १०:३५

आलं! 'धर्म म्हणजे रिलिजन नव्हे' हे वाक्य कितव्या प्रतिसादात येतं यावर मी स्वतःशीच पैज लावली होती. दुसऱ्यातच आलं.

---

सातारी_चष्मा · रविवार, रात्री १०:४१

बरं बाबा. शेजारधर्म तरी ठेवतोस का?

---

पापडीचा_पीटर · रविवार, रात्री ११:२०

मी वसईचा, सध्या डब्लिन. कॅथलिक. घरी कादोडी, म्हणजे वसईकडची बोली, बोलतो. हे आधी सांगितलं कारण इथे ऑफिसात दर नव्या माणसाला सांगावं लागतं. पहिला प्रश्न ठरलेला : "अरे, इथे येऊन ख्रिश्चन झालास?" बाबांनो, तुम्ही चर्चला जायचं सोडलंत तेव्हा आम्ही जातच होतो. वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले, १७३९ ला चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं. चर्च राहिलं, आम्ही राहिलो.

नेकारकाठीताई, तुमच्या लेकीला विचारलेला प्रश्न मला उलटा विचारला जातो. माझा धर्म 'युरोपियन', पण मी नाही. रविवारच्या मासला माझ्या आजूबाजूला केरळी नर्सेस, फिलिपिनो, नायजेरियन कुटुंबं आणि आयरिश आजीआजोबा. माझ्या वयाचे आयरिश दिसतात ते नाताळला आणि भाच्याच्या पहिल्या कम्युनियनला. त्यांना त्याबद्दल विचारलं की 'मूल्यं' नाही आठवत. शाळा आठवते, मारकुटे ब्रदर आठवतात, घरातली कुजबुज आठवते. २०१५ ला समलिंगी विवाह आणि २०१८ ला गर्भपात, दोन्ही सार्वमतांत या पिढीने चर्चच्या विरोधात मत दिलं. आणि तरी 'तू कॅथलिक का?' विचारलं की म्हणतात, "म्हणजे, हो, तसा." तो 'तसा' फार मोठा शब्द आहे. युरोपची अख्खी ओळख त्या 'तसा'मध्ये आहे असं मला वाटतं.

शाळांचंही तेच. इथल्या बहुतांश प्राथमिक शाळा अजून कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. २०१८ पर्यंत गर्दी असली की बाप्तिस्मा झालेल्या पोराला आधी प्रवेश मिळायचा. किती नास्तिक आईबापांनी त्यासाठी मुलांच्या डोक्यावर पाणी घालून घेतलं असेल!

अवांतर : मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स इंग्रज होते. एलिझाबेथच्या इंग्लंडात कॅथलिकाला सुखाने जगता येत नव्हतं. १५७९ ला ते गोव्यात पोचले आणि तिथेच आयुष्य काढलं. म्हणजे युरोपने धर्मावरून माणसं इकडे घालवली, आणि आम्हाला त्यातून मराठी काव्य मिळालं. तक्रार नाही.

---

नेकारकाठी · रविवार, रात्री ११:४५

पीटर, हा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवणार. 'तसा' तिला नक्की आवडेल.

---

रोखठोक_पुणे · सोमवार, सकाळी ७:०५

कसली मूल्यं आणि कसली प्रस्तावना. युरोप संपलाय. चर्चची नाइटक्लबं झाली, आणि रिकामी जागा कोण भरतंय ते सगळ्यांना दिसतंय. पन्नास वर्षांत तुमची लेक कुठला पोशाख घालेल ते बघा म्हणजे झालं.

---

व्यवस्थापन · सोमवार, सकाळी ८:३०

कुणाच्याही मुलांवर घसरू नका. मुद्द्यावर लिहा, अन्यथा प्रतिसाद उडवला जाईल.

---

नेकारकाठी · सोमवार, दुपारी १:१०

रोखठोक, लेकीच्या पोशाखाची काळजी माझी मी घेऊ शकत नाही, ती माझं ऐकत नाही.

मुद्द्यावर येते. तिची वर्गमैत्रीण तुर्की कुटुंबातली, तिसरी पिढी, जन्म श्टुटगार्टचाच. दोघी एथिकच्या (नीतिशास्त्राच्या) तासाला शेजारी बसतात, कारण आमच्याकडे धर्माचा तास घेत नसाल तर एथिक सक्तीचं. ती मुलगी कंदील घेऊन सांक्ट मार्टिनच्या मिरवणुकीत लहानपणापासून जाते. अंगरख्याचे दोन तुकडे करून अर्धा भिकाऱ्याला देणारा सैनिक, ती गोष्ट तिनेच माझ्या लेकीला सांगितली. काही बालवाड्या 'कुणाला वाईट वाटू नये' म्हणून या सणाचं नाव बदलतात, त्यावर दर नोव्हेंबरात वाद होतो. तिच्या आईचं म्हणणं : मला कधी वाईट वाटलं नव्हतं, नाव बदललं तेव्हा वाटलं. जणू माझ्यामुळेच काढलं.

आणि 'रिकामी जागा भरतंय' म्हणताना : पोलंडच्या पूर्वेला क्रुशिनियानी नावाच्या खेड्यात तातार मुसलमानांची जुनी लाकडी मशीद आहे. त्यांचे पूर्वज चौदाव्या शतकापासून त्या मुलखात आहेत. ऑस्ट्रियाने इस्लामला कायद्याने मान्यता दिली १९१२ साली. बोस्निया तर सोडूनच द्या. युरोपातला इस्लाम कालच्या विमानाने आलेला नाही.

---

बोचरा_गारठा · सोमवार, संध्याकाळी ६:५०

मी ल्योंला शिकतो. एक वेगळी बाजू.

'तरुण धर्म सोडतायत' हे खरं, पण चित्र तेवढंच नाही. २०२५ च्या ईस्टरला फ्रान्समध्ये १०,३८४ प्रौढांनी कॅथलिक बाप्तिस्मा घेतला, आदल्या वर्षीपेक्षा ४५ टक्के जास्त. सर्वांत मोठा गट १८ ते २५ वयाचा. लोकसंख्येच्या मानाने आकडा किरकोळ आहे, चर्च काही भरून वाहत नाहीत. पण माझ्या लॅबमधली एक मुलगी त्यात होती. आईवडील कट्टर डावे. मी विचारलं, का? म्हणाली, "घरात सगळ्याला उत्तर होतं, म्हणून." मला अजून नीट झेपलेलं नाही.

तिच्याच नादाने गेल्या उन्हाळ्यात एक आठवडा तेझेला गेलो. बुर्गुन्येमधलं टेकडीवरचं खेडं. १९४० मध्ये ब्रदर रोजे नावाचा स्विस प्रोटेस्टंट तरुण युद्धातल्या निर्वासितांना आसरा द्यायला तिथे आला आणि पुढे प्रोटेस्टंट-कॅथलिक असा एकत्र मठ उभा राहिला. उन्हाळ्यात आठवड्याला हजारो तरुण येतात. तंबू किंवा बराकी, दिवसातून तीनदा घंटा, तीच ती छोटी गाणी वेगवेगळ्या भाषांत, आणि मध्ये लांबलचक शांतता. जेवायला वाडगा आणि फक्त एक चमचा. सलाड चमच्याने खाऊन बघा. कामं सगळ्यांनी वाटून करायची, मला संडास साफ करायचं काम मिळालं, एक स्लोव्हेनियन आणि दोन जर्मन जोडीला.

वारीशी तुलना करायचा मोह आवरतो, कारण मी वारीला कधी गेलेलोच नाही. पण एक सांगतो, त्या आठवड्यात कुणी 'मूल्य' हा शब्द काढला नाही. संडास मात्र लखलखीत होते.

---

अर्धवट_नास्तिक · सोमवार, संध्याकाळी ७:१५

तुझ्या मैत्रिणीचं उत्तर आवडलं नाही, पण विसरताही येईना. धन्यवाद(?).

---

घटनापुराण · सोमवार, रात्री ९:३०

प्रस्तावनेचा विषय निघालाय तर आपल्याकडचं सांगतो, कारण जर्मनीशी तारखा विलक्षण जुळतात. जर्मनीचा मूलभूत कायदा २३ मे १९४९ चा, ईश्वराला साक्ष ठेवून. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला आपल्या संविधान सभेत प्रस्तावना चर्चेला आली. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करावी. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठून म्हणाले, आम्ही कामाख्येचे भक्त, 'देवीच्या नावाने' का नको? पंडित कुंझरू यांचा आक्षेप तत्त्वाचा होता : ज्याची श्रद्धा नाही त्याच्यावर ही कशी लादता? मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. देव पडला.

गंमत बघा. हिटलरच्या अनुभवातून बाहेर पडलेल्या जर्मनांना वाटलं की राज्यसत्तेच्या वर काहीतरी आहे हे लिहून ठेवायला हवं. फाळणीच्या आगीतून बाहेर पडलेल्या आपल्या लोकांना वाटलं की ते 'वरचं' प्रस्तावनेत आणणं धोक्याचं. पोळलेले दोघंही, पण बोध अगदी उलटे. म्हणून 'युरोपने काय करावं' हे आपण सांगू नये असं मला वाटतं. ज्याचं जिथे पोळलं, तो तिथे जपणार.

पण माझोव्हिएत्स्कींचं वाक्य १९४९ मध्ये कुणाला सुचलं असतं, तर कामत आणि कुंझरू दोघांनीही हात वर केले असते का, हा विचार आज दिवसभर डोक्यात आहे.

---

सातारी_चष्मा · सोमवार, रात्री ९:५२

दंडवत. 'देव पडला' हे डिपॉझिट जप्त झाल्यासारखं वाटतंय.

भाषांतराचा माझा प्रयत्न :
"सत्य, न्याय, मांगल्य आणि सौंदर्य हे ज्यांना ईश्वरापासून लाभले, आणि ज्यांना ते अन्य वाटांनी गवसले, ते आम्ही सर्व नागरिक..."

---

पापडीचा_पीटर · सोमवार, रात्री १०:२०

'मांगल्य' नको हो, लगेच हळदकुंकू दिसतं. साधा 'चांगुलपणा' ठेवा. 'वाटांनी गवसले' मात्र छान. तरी मूळ शब्द उगमाचा आहे, तो घालवू नका. वाट आपण चालतो, उगमावर आपला ताबा नसतो.

---

बोचरा_गारठा · सोमवार, रात्री १०:३१

पीटरला अनुमोदन. 'स्रोत' कुणी सुचवू नका, सरकारी परिपत्रक वाटेल.

---

अर्धवट_नास्तिक · सोमवार, रात्री ११:०२

माझा मसुदा : "...देवाकडून आले म्हणा की कुठून का येईना, ते मानणारे आम्ही." खपतं का बघा.

आणि एक आक्षेप नोंदवून ठेवतो. या वाक्यात श्रद्धावानाला नाव आहे, 'ईश्वर मानणारे'. माझ्यासारख्याला नाव नाही, 'तशी श्रद्धा नसलेले'. म्हणजे मी उणे चिन्हातच. तडजोड चांगली आहे, पण बरोबरीची नाही. लेकीच्या गटात हे कुणी म्हटलं का?

---

नेकारकाठी · मंगळवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. लेकीने सगळं स्वतः वाचलं, बोट ठेवून, तास-दीड तास लागला.

अर्धवट, एस्टोनियाच्या मुलाने अगदी हेच म्हटलं होतं. "मी 'नसलेला' नाही, मी आहे." म्हणून त्यांच्या अंतिम मसुद्यात क्रम उलटा करून बघितला, आधी श्रद्धा नसलेले, मग असलेले. तेव्हा इटालियन मुलगी रुसली. शेवटी मतदान. पोलिश क्रमच १४ मतांनी राहिला, ९ विरोधात, दोघं तटस्थ. त्या दोघांत आमची कन्या होती. का, ते सांगत नाही.

मराठीसाठी तिने 'उगम' निवडला. तो तिला आधीपासून माहीत होता, आजीने त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी दाखवत शिकवला होता. मग हसत सुटली. आमच्या राज्यात डोनाऊ (डॅन्यूब) नदीचा उगम नेमका कुठला यावर डोनाउएशिंगेन आणि फुर्टवांगेन या दोन गावांचं जुनं भांडण आहे. एकाने राजवाड्याच्या बागेत देखणं कुंड बांधून ठेवलंय, दुसरा म्हणतो खरा झरा आमच्याकडे डोंगरात. शाळेची सहल दोन्हीकडे जाऊन आलेली. मी विचारलं, मग खरा कुठला? म्हणाली, "डोनाउएशिंगेनला आइस्क्रीम मिळतं."

वाक्य अजून पूर्ण झालेलं नाही. 'चांगुलपणा' पक्का, 'मांगल्य' गेलं (सॉरी, सातारी), 'कुठून का येईना' तिला फार आवडलंय, पण बाई गुण कापतील म्हणून कंसात टाकलंय. शुक्रवारपर्यंत आणखी सूचना चालतील. मी आता पळते, या आठवड्यात जिन्याचं केरवोखं आमच्याकडे आहे. नवीन लोकांसाठी : श्वाबियन इमारतीत पाळीपाळीने जिना झाडायचा नियम, नावातच केर आहे. रविवारी झाडलं तर खालच्या आजी धर्म आठवून देतात.